यंत्राची लहर कीं विजेची लहर?

धाराशिव जिल्ह्याचा बराचसा भाग बालाघाटच्या डोंगररांगांवर आणि त्यांच्या उतारांवर पसरलेला आहे. पाऊस बेताचा, ओढेनाले हंगामी, आणि म्हणून येथील बागाईत बहुतांशीं विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्यावर जगते. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परांडा आणि वाशी या आठही तालुक्यांत द्राक्षाचा मळा असो, कांद्याचा वाफा असो कीं उसाचा फड असो, त्याचा जीव एका विजेच्या मोटारींत अडकलेला असतो. पण ही मोटार चालवावयाची कोणी आणि केव्हां? शेतीपंपांना लागणारी तिन्ही फेजांची वीज अखंड मिळत नाहीं, पाळीनें मिळते; आणि ही पाळी पुष्कळदां रात्रीं येते. अंधारांत, थंडीवाऱ्यांत, विंचूकिरडूंच्या वाटेनें विहिरीवर जाऊन बटण दाबणें हें किती जिवावरचें काम आहे, याची कल्पना शहरांत राहणाऱ्या माणसाला सहसा येत नाहीं.

या गरजेंतून एक पेटी जन्मास आली. मोटारीच्या स्टार्टरला जोडलेली ही लहानशी पेटी वीज येतांच ती तपासते, तिन्ही फेज नीट आहेत कीं नाहींत तें पाहते, आणि आपण होऊन मोटार सुरू करते. तिच्यांत मोबाईलचें सिमकार्ड बसविलेलें असलें, तर धनी अंथरुणांत बसून नुसता फोन लावतो आणि दोन कोसांवरची मोटार चालू किंवा बंद होते. अशी पेटी नीट चालत असली म्हणजे तिच्यासारखा इमानी गडी नाहीं. परंतु कधीं कधीं या गड्याला लहर येते. मोटार दोन मिनिटें चालते आणि कारण नसतां बंद पडते. पुन्हा चालू होते, पुन्हा बंद पडते. फोन लावला कीं पेटींतला दिवा एकदां लुकलुकतो आणि ती सारें विसरून पहिल्यापासून आरंभ करते. साठवून ठेवलेले मोबाईलचे क्रमांक एके दिवशीं नाहींसे होतात. भर दुपारीं जी पेटी वेड्यासारखी वागते, तीच पहांटे गुणी बाळासारखी चालते. दुरुस्तीसाठीं तालुक्याच्या गांवीं नेली, तर दुकानाच्या मेजावर तिच्यांत कांहींच दोष सांपडत नाहीं. आणि शेतावर परत आणून बसविली कीं दुसऱ्या दिवशीं ये रे माझ्या मागल्या!

अशा वेळीं दोष कोणाचा? शेतकरी पेटीला नांवें ठेवतो, दुकानदार आंतल्या प्रोग्रॅमला, आणि प्रोग्रॅम लिहिणारा नशिबाला. नाचतां येईना अंगण वांकडें, अशी म्हण आहे. पण येथें गंमत अशी कीं पुष्कळदां नाचणारी खरोखरच निर्दोष असते आणि अंगणच वांकडें असतें. पेटीच्या आंतला मेंदू धड असतो; त्याला मिळणारें विजेचें अन्न तेवढें अनियमित असतें. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? तेव्हां पोहऱ्याला ठोकून पाहण्यापूर्वीं आडांत डोकावून कसें पाहावें, हाच या भाषणाचा विषय आहे.

नखाएवढा मेंदू

पेटींतील या मेंदूला मायक्रोकंट्रोलर, म्हणजे सूक्ष्मनियंत्रक, म्हणतात. हिशेब करणारा भाग, आज्ञा लक्षांत ठेवणारी स्मृति आणि बाहेरच्या जगाशीं बोलणारीं दारें, हीं सर्व सिलिकॉनच्या नखाहूनही लहान तुकड्यावर एकत्र नांदत असतात. अमेरिकेंतील इंटेल कंपनीनें १९७१ सालीं ४००४ या क्रमांकाचा मायक्रोप्रोसेसर बाजारांत आणला. त्यांत सुमारें २,३०० ट्रान्झिस्टर होते. १९७४ मध्यें टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टी. एम. एस. १००० विक्रीस आला आणि स्मृतीसकट सारा संसार एकाच तुकड्यावर थाटण्याची प्रथा पडली. १९८० मध्यें इंटेलचा ८०५१ आला. पुढें २००५ मध्यें इटलींतील इव्रेया या गांवीं शिकाऊ विद्यार्थ्यांसाठीं अर्डुइनो नांवाचा फलक तयार झाला, आणि तेव्हांपासून हा मेंदू शाळकरी मुलांच्याही हातांत खेळूं लागला. आज धुलाईयंत्रांत, इन्व्हर्टरमध्यें, वाण्याच्या वजनकांट्यांत आणि दूध संकलन केंद्रांतील फॅट मोजणाऱ्या यंत्रांत तोच बसलेला असतो. दुधाच्या यंत्रानें चुकीचा आंकडा दाखविला तर गवळ्याच्या पदरांतील पैसा जातो; पंपाच्या पेटीनें चूक केली तर उभें पीक किंवा मोटारीचें वाइंडिंग जळतें. म्हणजे लहर यंत्राची असली तरी भुर्दंड माणसालाच.

या मेंदूची भाषा केवळ दोन अक्षरांची आहे. विजेचा दाब वर असला तर तो त्याला एक समजतो, खालीं असला तर शून्य. परंतु वर म्हणजे किती आणि खालीं म्हणजे किती, हें तो आपल्याला मिळणाऱ्या पुरवठ्याच्या दाबावरूनच ठरवितो. हा पुरवठा साधारणतः ५ किंवा ३.३ व्होल्टांचा असतो. तोच डळमळूं लागला म्हणजे मोजण्याची पट्टीच आंखडते. कापड मोजणाऱ्या व्यापाऱ्याचा गज क्षणाक्षणाला लांब-आंखूड होऊं लागला, तर त्याच्या हिशेबाला काय अर्थ राहिला?

दुसरी गोष्ट वेगाची. दाब कमी झाला कीं आंतील ट्रान्झिस्टर मंदावतात. पण त्यांना चालविणारा ठोका मात्र ठरलेल्या वेगानें पडतच राहतो. एटीमेगा ३२८पी हा अर्डुइनोंतील लोकप्रिय नियंत्रक ४.५ व्होल्टांवर सेकंदाला २ कोटी ठोक्यांपर्यंत विश्वासानें चालतो, २.७ व्होल्टांवर हीच मर्यादा १ कोटीवर येते. अर्डुइनो ऊनोंत तो १ कोटी ६० लक्ष ठोक्यांनीं चालविलेला असतो, म्हणजे त्याला सुमारें ३.८ व्होल्ट तरी हवेतच. दाब त्याखालीं गेला, तर एका ठोक्याचें काम पुरें होण्याच्या आंत दुसरा ठोका पडतो, आणि अर्धवट उत्तर पुढच्या हिशेबांत शिरतें.

येथेंच या रोगाचें मर्म आहे. वीज पूर्णपणें गेली तर मेंदू झोपी जातो, आणि ती परत आली म्हणजे आरंभापासून सुरळीत कामाला लागतो. पण वीज अर्धवट गेली, तर तो झोपतही नाहीं आणि धड जागाही राहत नाहीं. वाताच्या भरांत बरळणाऱ्या रोग्यासारखी त्याची अवस्था होते. रोगी जसा असंबद्ध बोलतो तसा तो असंबद्ध आज्ञा देतो. त्यांतच जर त्यानें कायमच्या स्मृतींत कांहीं लिहावयास घेतलें, तर जुनी नोंद पुसली जाते आणि नवी नीट उमटत नाहीं. साठविलेले क्रमांक नाहींसे होण्याचें रहस्य बहुधा हेंच असतें.

डी. पी. वरील गर्दी

हा दाब कमी कां होतो? याचें पहिलें उत्तर पेटीच्या बाहेर, खांबावरील ट्रान्सफॉर्मरपाशीं मिळतें. खेड्यांत त्याला डी. पी. म्हणतात. समजा, १०० के. व्ही. ए. शक्तीच्या एका डी. पी. वर ५ अश्वशक्तीच्या १५ मोटारी आहेत. ४१५ व्होल्टांवर अशा डी. पी. ची पूर्ण कुवत प्रत्येक फेजला सुमारें १३९ अँपिअरची. चालत असलेली एक मोटार सुमारें साडेसात अँपिअर घेते. पंधरांचे झाले ११२. म्हणजे चालत्या मोटारींचा भार डी. पी. ला सहज पेलतो. पण इंडक्शन मोटार सुरू होतांना पहिले कांहीं क्षण चालू प्रवाहाच्या सुमारें सहापट प्रवाह ओढते. एकीचे ४५ अँपिअर. आणि पंधराही एकाच क्षणीं सुरू झाल्या तर ६७५! कुवतीच्या जवळजवळ पांचपट.

एवढ्या ओढीनें ट्रान्सफॉर्मरच्या आंतच दाब पांचएक टक्क्यांनीं नव्हे, तर वीसएक टक्क्यांनीं पडतो. शिवाय लांबलचक तारांतील घट निराळी. हिशेब ढोबळ आहे, पण २३० व्होल्टांच्या जागीं १८० किंवा त्याहूनही कमी दाब शेवटच्या शेतापर्यंत पोंचणें मुळींच अशक्य नाहीं.

आणि पंधरा मोटारी एकाच क्षणीं कां सुरू व्हाव्या? कारण प्रत्येकीवर तीच पेटी बसविलेली आहे. माणसें विहिरीवर चालत जात तेव्हां कोणी पांच मिनिटें आधीं पोंचे, कोणी दहा मिनिटें उशिरां. त्यामुळें भार आपोआप वांटला जाई. पेट्यांना हा विलंब ठाऊक नाहीं. वीज येतांच त्या सर्व सारख्याच सेकंदांनीं, शाळेंतल्या कवायतीप्रमाणें, एकदम पाऊल उचलतात. दाब कोसळतो, कांहीं पेट्यांचे मेंदू बरळूं लागतात, कांहींचे रीले सुटतात, मोटारी बंद पडतात. भार उतरल्याबरोबर दाब पुन्हा वर चढतो. पेट्यांना वाटतें, वीज नव्यानें आली! त्या पुन्हा सेकंद मोजतात आणि पुन्हा एकदम पाऊल उचलतात. हें दुष्टचक्र चाललें म्हणजे मोटार दर मिनिटाला धडपडते, वाइंडिंग तापतें, आणि एके दिवशीं डी. पी. च जळतो. मग साऱ्या शिवाराचें पाणी बंद. महाराष्ट्र राज्याची वीज वितरण कंपनी, म्हणजे महावितरण, शेतकऱ्यांना ऑटोस्विच काढून टाकण्याचें आणि मोटारीला कपॅसिटर बसविण्याचें आवाहन वेळोवेळीं करीत आली आहे, त्याच्या मुळाशीं हेंच कारण आहे.

पेटीच्या आंतला रांजण

आतां पेटीच्या आंत डोकावूं गेल्यास तेथेंही असाच एक हिशेब दिसतो. २३० व्होल्टांची उलटसुलट वाहणारी वीज छोट्या ट्रान्सफॉर्मरनें ९ व्होल्टांवर आणली जाते. चार डायोड तिला एका दिशेनें वाहावयास लावतात. मग तिचे चढउतार भरून काढण्यासाठीं एक मोठा कपॅसिटर असतो. आणि शेवटीं ७८०५ सारखा रेग्युलेटर तिचे बरोबर ५ व्होल्ट करून देतो. या रेग्युलेटरची अट एकच: ५ व्होल्ट द्यावयाचे तर त्याच्या तोंडाशीं निदान ७ व्होल्ट सतत असले पाहिजेत.

कपॅसिटर म्हणजे घरांतला रांजण. नळ सेकंदाला १०० वेळां येतो आणि जातो. मधल्या वेळांत घराची तहान रांजणांतील पाण्यावर भागते. रांजण लहान असला किंवा त्याला तडा गेला, तर पुढचें पाणी येण्याच्या आंत तो रिकामा होतो. पेटी ०.२ अँपिअर प्रवाह घेते असें धरूं जातां, ४७० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवरील दाब शतांश सेकंदांत सुमारें सवाचार व्होल्टांनीं उतरतो. मुख्य दाब २३० असतांना शिखरावर सुमारें ११.३ व्होल्ट मिळतात. त्यांतून सवाचार वजा जातां उरतात ७. म्हणजे पेटी जेमतेम काठावर उभी! मुख्य दाब १८० वर आला कीं शिखर साडेआठाच्या आसपास येतें आणि तळ सवाचार व्होल्टांवर जातो. मग रेग्युलेटर ५ व्होल्ट देणार कोठून? त्याच ठिकाणीं २,२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असता, तर उतार एका व्होल्टाहूनही कमी राहिला असता आणि १८० व्होल्टांवरही पेटी शुद्धीवर राहिली असती. दोन कपॅसिटरांच्या किंमतींत फरक तो किती? परंतु तेवढ्या काटकसरीनें साऱ्या पेटीची अब्रू जाते.

शिवाय हा रांजण कायम सारखाच राहत नाहीं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आंत ओलावा असतो आणि उष्णतेनें तो हळूहळू उडून जातो. तापमान दर १० अंशांनीं वाढलें कीं त्याचें आयुष्य निम्में होतें, असा ठोकताळा आहे. ज्या कपॅसिटरवर ८५ अंशांना २,००० तास असें लिहिलेलें असतें, तो ६५ अंशांच्या उष्णतेंत ८,००० तास टिकावा. अखंड चालल्यास वर्षभरसुद्धां नव्हे. वैशाखवणव्यांत पत्र्याच्या बंद पेटींत आंतल्या उष्णतेसह काय परिस्थिति होत असेल, याची कल्पना करावी. नवी असतां उत्तम चालणारी पेटी तिसऱ्या उन्हाळ्यांत लहरी कां होते, याचा उलगडा येथें होतो.

फोन आला कीं भोंवळ

ज्या पेटींत सिमकार्ड असतें, तिच्यांत आणखी एक खादाड पाहुणा असतो. मोबाईलच्या जुन्या, जी. एस. एम. पद्धतीचा प्रेषक सतत बोलत नाहीं, दर ४.६ मिलिसेकंदांनीं एकदां, फक्त ०.५८ मिलिसेकंद, तो जोरानें हांक मारतो. त्या हांकेच्या वेळीं तो २ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढूं शकतो. सरासरी काढली तर आठांत एक भाग, म्हणजे अवघे पाव अँपिअर. म्हणून सरासरी पाहून पुरवठा निवडणारा फसतो. ही हांक सारी १,००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवरच भागवावयाची म्हटली, तर एका हांकेंत त्याचा दाब एका व्होल्टाहून अधिक उतरेल. त्यांत तार बारीक असली आणि तिचा रोध केवळ ०.२ ओहम असला, तरी २ अँपिअरला ०.४ व्होल्ट वाटेंतच गळतात. फोन येतांच पेटीला भोंवळ येते ती अशी. मोबाईलची रेंज क्षीण असेल तेथें प्रेषक अधिक जोरानें ओरडतो. म्हणून गांवांत चालणारी पेटी दूरच्या मळ्यांत फसते.

तिसरा उपद्रव रीलेचा. रीलेच्या वेटोळ्यांतील प्रवाह तोडला कीं तें वेटोळें उलट दिशेनें दाबाचा मोठा फटका मारतें. वेटोळ्यावर उलटा डायोड बसविला तर हा फटका तेथेंच जिरतो. तो विसरला गेला तर थेट मेंदूपर्यंत पोंचतो. मोटारीच्या मोठ्या काँटॅक्टरच्या वेटोळ्यावर, तें उलटसुलट विजेवर चालत असल्यामुळें, डायोडाऐवजीं रोध आणि कपॅसिटर यांची जोडी लावावी लागते. आणि मेंदूची व रीलेची परतीची तार एकच बारीक तार असली, तर रीलेच्या प्रत्येक हालचालीबरोबर मेंदूच्या पायाखालची जमीनच हादरते.

निदान कसें करावें?

वैद्य जसा औषध देण्यापूर्वीं रोग्याची दिनचर्या विचारतो, तसें प्रथम पेटीचें वर्तन वहींत टिपून घ्यावें. लहर केव्हां येते? वीज नुकतीच आली असतां? फोन येतांना? रीले उचलतांना? शेजारची मोटार सुरू होतांना? दुपारच्या उन्हांत? बिघाड प्रोग्रॅमच्या ठराविक पायरीवर न होतां बाहेरच्या घटनेच्या पाठोपाठ होत असेल, तर पुरवठ्याचा संशय बळावतो. दुकानाच्या मेजावर दोष कां सांपडत नाहीं, हेंही येथें समजतें: तेथें शांत वीज असते, सावली असते, आणि मोटार मुळींच जोडलेली नसते. रोग शिवारांत आणि तपासणी शहरांत!

दुसरी पायरी म्हणजे खुद्द मेंदूलाच विचारणें. बहुतेक नियंत्रकांत एक लहानशी नोंद असते. मागच्या वेळीं आपण नव्यानें कां सुरू झालों, याचें कारण तींत उमटतें. वीज पूर्ण जाऊन आली, दाब मर्यादेखालीं गेला, कीं प्रोग्रॅम अडकल्यामुळें पहारेकरी घड्याळानें उठविलें, हें वेगवेगळ्या खुणांनीं कळतें. प्रोग्रॅमच्या आरंभीं दोन-चार ओळी घालून ती खूण दिव्याच्या लुकलुकण्यानें दाखविण्याची सोय केली, तर पुष्कळ वाद मिटतात.

तिसरी पायरी सर्वांत निर्णायक. रेग्युलेटरच्या तोंडाशीं येणारा पुरवठा सोडवून त्या जागीं भरलेली १२ व्होल्टांची बॅटरी जोडावी आणि बाकी सर्व तसेंच ठेवून पेटी चालवून पाहावी. लहर गेली, तर चोर पुरवठ्यांत आहे. लहर कायम राहिली, तर रेग्युलेटरपुढचें वायरिंग, रीलेचे फटके किंवा प्रोग्रॅम यांकडे वळावें. मग एकेक भार काढून पाहावा. रीले सोडवावा, नंतर मोबाईलचा भाग सोडवावा. ज्याच्या जाण्यानें घर शांत होतें, तोच भांडखोर.

चौथी पायरी मोजमापाची. येथें एक भ्रम पुष्कळांना नडतो. साधा मीटर ५ व्होल्ट दाखवितो आणि माणूस म्हणतो, पुरवठा उत्तम आहे! पण साधा मीटर सेकंदांत दोन-चार वेळांच वाचन बदलतो आणि तेंही सरासरीचें असतें. मिलिसेकंदाची घट त्याला दिसत नाहीं. ती पाहण्यास ऑसिलोस्कोप लागतो. आणि त्याची टोकें पुरवठ्याच्या आरंभाशीं नव्हे, तर मेंदूच्या अगदीं पायांशीं लावावीं लागतात. विहिरीच्या काठावर पाणी मोजून शेवटच्या वाफ्याचा हिशेब करता येत नाहीं. मात्र उघड्या पेटींत ४१५ व्होल्ट असतात आणि मोटारीच्या कपॅसिटरमध्यें वीज तोडल्यावरही कांहीं काळ भार शिल्लक राहतो. म्हणून हें काम जाणत्या माणसानेंच, मुख्य पुरवठा तोडून आणि अर्थिंग तपासून करावें.

उपाय

उपाय त्या मानानें साधे आहेत. मुख्य कपॅसिटर ऐसपैस, १०५ अंशांच्या प्रतीचा असावा. मेंदूच्या पुरवठ्याच्या पायांलगत ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर असावा. मोठा रांजण दूर असतो, हा तांब्या उशाशीं असतो. मोबाईलच्या भागाला स्वतंत्र, २ अँपिअरची ओढ सोसणारा पुरवठा आणि आंखूड, जाड तारा द्याव्या. रीलेच्या व मेंदूच्या परतीच्या तारा वेगळ्या नेऊन एकाच ठिकाणीं मिळवाव्या.

मेंदूंत दाबाचा एक पहारेकरी जन्मतःच असतो. दाब ठराविक मर्यादेखालीं गेला कीं तो मेंदूला बरळूं न देतां सक्तीनें झोपवितो. परंतु ही मर्यादा योग्य निवडावी लागते. अर्डुइनो ऊनोंत ती २.७ व्होल्टांवर ठेवलेली असते आणि त्या वेगाला तर सुमारें ३.८ व्होल्ट हवेत. मधली सारी पट्टी बरळण्याला मोकळी! ५ व्होल्टांच्या पेटींत ती ४.३ व्होल्टांवर ठेवणें श्रेयस्कर. पहारेकरी घड्याळ मात्र केवळ अडकलेल्याला उठवितें. उपाशी असलेल्याला जेवूं घालीत नाहीं. तेव्हां त्यावरच विसंबून पुरवठा तसाच ठेवणें म्हणजे ताप न उतरवितां रोग्याला वारंवार हलवून जागें करण्यासारखें आहे.

आणि सर्वांत मोठा उपाय शेजारधर्माचा आहे. प्रत्येक पेटीनें वीज आल्यावर निरनिराळा वेळ थांबावें. पंधरा पेट्यांनीं वीस-वीस सेकंदांचें अंतर राखलें, तर पांच मिनिटांच्या आंत सर्व मोटारी चालूं लागतात. आणि शेवटची सुरू होतांना डी. पी. वरील ओढ ६७५ नव्हे, तर सुमारें १५० अँपिअर असते. तसेंच मोटार बंद करण्याच्या दाबापेक्षां ती पुन्हा चालू करण्याचा दाब बराच वर ठेवावा आणि दोहोंमध्यें कांहीं मिनिटांची विश्रांति ठेवावी, म्हणजे तें दुष्टचक्र तुटतें. मोटारीला योग्य मापाचा कपॅसिटर बसविला तर तारांतील व्यर्थ प्रवाह कमी होतो आणि शेवटच्या शेतालाही दाब बरा मिळतो. ऑटोस्विचवर नुसता राग धरून भागत नाहीं. रात्रीचा अंधार आणि वाटेवरचें भय खरें आहे, तोंपर्यंत शेतकरी पेटी वापरणारच. पेटी शहाणी करणें हा मार्ग अधिक माणुसकीचा आहे. २०१७ मध्यें सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतुही शेतीला दिवसां वीज मिळावी हाच आहे. सौरपंपांच्या पेट्यांनाही हा नियम लागू पडतोच: उगवतीच्या कोंवळ्या उन्हांत दाब चढतो, मोटार भार टाकते, दाब कोसळतो, आणि पुन्हा तोच खेळ सुरू होतो.

शहरांतील घरांतही याचीच लहान आवृत्ति आढळते. मुलानें हौसेनें केलेली गाडी तिचें चाक फिरूं लागतांच सारें विसरते. तेव्हां त्याच्या प्रोग्रॅमला दोष देण्यापूर्वीं चाकाच्या मोटारीला निराळी बॅटरी जोडून, दोन्ही बॅटऱ्यांच्या ऋण तारा एकत्र करून पाहावें. इन्व्हर्टरवर जातांच धुलाईयंत्र मध्येंच आरंभापासून सुरू झालें, तर नवा फलक विकत घेण्यापूर्वीं बॅटरी आणि जोडण्या तपासाव्या. शेंकडों रुपयांचा फलक बदलूनही जो दोष जात नाहीं, तो पुष्कळदां दहा रुपयांच्या कपॅसिटरनें किंवा एका घट्ट आवळलेल्या स्क्रूनें जातो. उपाशी माणसाच्या चुका मोजण्यापूर्वीं त्याच्या ताटांत काय वाढलें आहे तें पाहावें. यंत्राचा न्यायही याच क्रमानें झाला, तर पैसा वांचेल, मोटार वांचेल आणि पिकाची पाळीही चुकणार नाहीं.